एक पेला, चौदाशे ग्रॅम

विश्रामबागेतल्या त्या बेकरीची भट्टी चौऱ्याहत्तर सालीही एका पेल्यावर चालायची. लिटरभर मावेल असा इनॅमलचा पेला, नाथाजींचा. नाथाजी पाटणकडचे. फौजेत लंगरवर पाव भाजले, पेन्शन घेऊन परतले तेव्हा गाव कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. बायको बयाबाईला घेऊन ते सांगलीत आले आणि भट्टीमागच्या खोलीत राहिले. पाणी, दूध, काकवी, वितळवलेलं वनस्पती तूप, सगळं त्या पेल्यानं मोजायचं. कशात कशाचे किती पेले, ते त्यांनाच ठाऊक.

त्या साली मालक बाळासोंनी तराजू आणला. पाठोपाठ मेव्हण्यालाही आणलं. सिद्धू जतकडचा, दोन लेकरांचा बाप, अंगानं दणकट. यापुढं सगळं वजनावर घ्यायचं, म्हणजे भट्टी कुणालाही चालवता येईल, असं बाळासो म्हणाले. कुणालाही म्हणजे कुणाला, ते नाथाजींना समजलं. भट्टी गेली की खोलीही जाणार होती.

एका पेल्यात किती वजन मावतं ते काढायचं काम त्यांच्यावरच आलं. ऊसपट्ट्यातली बेकरी, काकवीचा डबा हाताशी उघडाच होता. त्यांनी पेला काकवीनं भरून काट्यावर ठेवला. रिकाम्या पेल्याचं वजन वजा जाता चौदाशे ग्रॅम भरले. बाळासोंनी खडूनं भिंतीवर लिहिलं, एक पेला, चौदाशे ग्रॅम. कशाचा पेला, ते लिहिलं नाही. काकवी जड असते. त्याच पेल्यात तूप नऊशेच्या आसपास बसतं. नाथाजींनी भिंतीवरचं वाचलं आणि मैदा चाळायला घेतला.

दुपारी नानकटाई होती. किती पेले ते नाथाजींनी सांगितलं, आणि सिद्धूनं भिंतीकडं बघून तूप काट्यावर घेतलं. ते दीडपट पडलं. पीठ हातात ठरेना.

"तात्या, लय ढिलं झालंय. बगा की जरा."

नाथाजींनी पिठात बोट दाबलं. बोट तुपानं माखून वर आलं.

"काट्यावर घेतलंस नव्हं? घाल की भट्टीत."

"फौजी हुकूम म्हनायचा," सिद्धू हसत म्हणाला आणि पत्रे भट्टीत सारले.

आत नानकटाई पसरली. तूप पत्र्यावरून निथळून कडेच्या निखाऱ्यांवर गेलं. भट्टीच्या दाराच्या फटीतून काळा धूर येऊ लागला. नाथाजी चाळणी धरून उभे होते. काय झालं ते बघायला सिद्धूनं दार ओढलं, आणि जाळ बाहेर आला.

संध्याकाळी बाळासो सिद्धूला दवाखान्यात ठेवून आले आणि त्यांनी ओल्या फडक्यानं भिंत पुसली. उद्यापासून पहिल्यासारखंच चालू द्या, एवढंच नाथाजींना सांगितलं. जेवताना बयाबाईनं विचारलं.

"आवं, पीठ बगितलं व्हतं न्हवं तुमी?"

"बगितलं व्हतं."

तिनं आपलं ताट उचललं.

सिद्धूचे तळवे आखडले ते आखडलेच. तो बेकरीत यायला लागल्यावर बाळासोंनी त्याला पुढं गिऱ्हाइकांपाशी बसवलं. आपण विचारलं होतं आणि तात्यांनी काय सांगितलं, हे त्यानं बाळासोंना कधी सांगितलं नाही. थोड्या दिवसांनी त्यानं आपलं स्टूल आत, भट्टीसमोर नेऊन ठेवायला लावलं. तिथं त्याला काम नव्हतं. नाथाजी पीठ मळायला लागले की तो त्यांच्या हातांकडं बघत बसायचा.