आयोवाचं हवामान, मुक्काम सिंगापूर

दुसऱ्याच्या आभाळाकडे आठ वर्षं डोळे लावून बसलं की किस्से गोळा होणारच! आमच्या ग्रुपात कुणाकडे जेवायला जमलो की हमखास आग्रह होतो, "ए, तुझ्या त्या मक्याच्या ऑफिसातलं सांग ना." मी सांगते. सगळे हसतात. घरी परतताना तोंड मात्र कडू झालेलं असतं.

गोष्ट दोन हजार सालानंतरची. आमची कंपनी मका आणि सोयाबीनचा व्यापार करायची. ऑफिस सिंगापुरात, शेंटन वे रस्त्यावर, एकविसाव्या मजल्यावर. तिथे आम्ही तिघं 'वेदर डेस्क': मी, आमचे सोनवणे सर आणि बॉस केल्विन. काम एकच. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात, आपल्या तालुक्याएवढी एक खेडवळ कौंटी आहे, तिथल्या हवेवर लक्ष ठेवायचं. हिवाळ्यात बर्फ किती, वसंतात चिखल किती, जुलैत ऊन किती, सप्टेंबरात पहिलं हिव, म्हणजे फ्रॉस्ट, कधी. आमच्या खिडकीबाहेर बारा महिने तेच ऊन आणि दुपारची तीच सर. आयोवा तिघांपैकी कुणीच बघितलेलं नव्हतं!

*

माझा पहिलाच रिपोर्ट. मी लिहिलं, "कौंटीत चांगला पाऊस झाला."

केल्विन अस्सल सिंगापूरचा, वाक्याच्या शेपटीला 'लाह' नाहीतर 'आह' लावणारा. त्याने कागदावर बोट ठेवलं. "गुड? गुड फॉर हू?"

"शेतकऱ्यांना," मी म्हटलं.

"पीक चांगलं आलं की भाव पडतो. आपण आधीच माल घेऊन ठेवलाय. गुड इज बॅड, लाह!"

त्या दिवसापासून आमच्या डेस्कवर 'चांगला' या शब्दाला बंदी. पाऊस नुसता पडायचा.

*

सोनवणे सर मूळचे बीडचे. पंचवीस वर्षं जहाजांवर काढून, पाठ गेली म्हणून जमिनीवर आलेले. मी एकदा विचारलं, "सर, बीडचा माणूस बोटीवर कसा काय?"

"बाई, घरी पाणी नव्हतं. म्हटलं, जिथं आहे तिथं जाऊन बघावं."

मी हसले. ते हसले नाहीत.

*

एका जुलैत कौंटीत सलग तीन आठवडे थेंब नाही. मक्याला तुरे यायचे दिवस, त्यात लाही लाही करणारं ऊन. भाव चढायला लागले. केल्विनने केक मागवला! वर चॉकलेटने सूर्य काढलेला.

सगळ्यांनी खाल्ला. मीही खाल्ला, खोटं कशाला बोलू? सोनवणेंनी प्लेट परत सरकवली.

केल्विन म्हणाला, "डाएट, आह?"

"नो," सोनवणे म्हणाले. "धिस आय एट इन चाइल्डहुड. इनफ."

केल्विनला वाटलं, यांना लहानपणी फार केक मिळायचा.

*

उपग्रहाला सगळं दिसत नाही. म्हणून कंपनीने कौंटीतल्या एक बाई गाठल्या होत्या, डॉरथी. निवृत्त शिक्षिका. अंगणात पर्जन्यमापक आणि थर्मामीटर. आम्ही पिकांवर 'संशोधन' करतो असं त्यांना सांगितलेलं. रोज सकाळी सातला, म्हणजे त्यांच्या संध्याकाळी, सोनवणे फोन लावायचे आणि त्यांच्याकडचा दिवसाचा पाऊस, पहाटेचं किमान तापमान असे आकडे उतरवून घ्यायचे.

एकदा त्यांनीच विचारलं, "तुमच्याकडे आज किती?"

"एकतीस."

"अरे देवा!"

दुसऱ्या दिवशी एकतीस. तिसऱ्या दिवशी एकतीस. महिन्याभराने पार्सल आलं. आत हाताने विणलेली लोकरीची टोपी! डॉरथीबाईंचं सगळं फॅरेनहाइटमध्ये, आणि त्यात बत्तीसला पाणी गोठतं. सिंगापूरला बिचारी माणसं वर्षभर गारठून मरतात, अशी त्यांची समजूत!

सोनवणेंनी खरं सांगितलं नाही. "एवढ्या मायेने विणलीय, कशाला वाईट वाटू द्यायचं?" एसीखाली बसून ते दिवसभर ती टोपी घालायचे.

*

माझी लेक तेव्हा प्रायमरी टूला, म्हणजे दुसरीत. वर्गात बाईंनी विचारलं, "बर्फ कुणी पाहिलाय?" हिने हात वर केला, "माय मदर!"

"कुठे पाहिला?"

"नो लाह, टीचर, शी नेव्हर सी. शी ओन्ली सेल."

पेरेंट्स मीटिंगला बाईंनी हे मला कौतुकाने सांगितलं.

*

मग एका जूनला कौंटीत पूर आला. नदी शेतांमधून चालली. आठवडाभर डॉरथीबाईंचा फोन लागेना. सोनवणे सकाळी सातला लावायचे, सव्वासातला, साडेसातला.

केल्विनने विचारलं, "आजचा पाऊस किती?"

"फोन लागत नाहीये. त्या कुठे आहेत कळत नाही."

"फोन लागत नाही म्हणजे पाऊस भरपूर. लिही तसं."

नवव्या दिवशी फोन लागला. घरात कमरेएवढं पाणी होतं, बाई चर्चच्या हॉलमध्ये झोपत होत्या. पर्जन्यमापक वाहून गेला होता. स्पीकर चालू होता, म्हणून मी ऐकलं. त्यांचं पहिलं वाक्य होतं, "मिस्टर सोनवणे, माफ करा हं. तुमच्या संशोधनाचे नऊ दिवस बुडाले माझ्यामुळे."

सोनवणेंनी पेन खाली ठेवलं. केल्विन मागून कुजबुजला, "आस्क हर, सोयाबीन किती गेलं?"

*

त्या वर्षी पुरामुळे सोयाबीनची पेरणी उशिरा झाली. सप्टेंबरात शेंगा अजून हिरव्या. हिव लवकर पडलं की पीक खलास आणि कंपनीची चांदी! केल्विनने जमेल तेवढा माल घेऊन ठेवला आणि तो हिवाची वाट बघत बसला. सरकारी आकडे उशिरा यायचे. त्याआधी डॉरथीबाईंचा आकडा आमच्या हातात.

त्या सकाळी केल्विन सोनवणेंच्या खुर्चीमागेच उभा. सोनवणेंनी रिसीव्हर कानाला लावला. "हो मॅडम... हो... काळजी घ्या." कागदावर लिहिलं, छत्तीस.

"नो फ्रॉस्ट?"

"नो फ्रॉस्ट."

केल्विनने तासाभरात सगळा माल विकून टाकला. दुपारी सरकारी आकडे आले. कौंटीभर हिव पडलं होतं, सोयाबीन जळून काळं झालं होतं. भाव उसळला, आणि आमच्याकडे एक दाणा नव्हता.

कुणाला तरी जावं लागणारच होतं. आठवड्याभरात सोनवणेंची नोकरी गेली, कामाचा पास रद्द झाला, महिन्याभरात देश सोडायचा होता. निघायच्या आदल्या दिवशी आम्ही खाली हॉकर सेंटरला, खाण्याच्या टपऱ्यांत, कॉफी प्यायला बसलो. मला फार वाईट वाटत होतं. मी म्हटलं, "सर, त्या डॉरथीबाईंचंही वय झालंय आता. थर्मामीटर वाचताना चुकल्या असतील. तुम्ही केल्विनला तसं सांगायला हवं होतं."

सोनवणेंनी कप बशीत ठेवला.

"बाई, त्यांनी एकोणतीसच सांगितलं होतं."