झाकलेला पिंजरा

मोताळ्यात आमच्या गल्लीतले उंदीर पकडून ती म्हातारी रोज सकाळी ते गावाबाहेर सोडायला जायची. पिंजऱ्यावर जुन्या लुगड्याचा तुकडा आणि चाल इतकी हळू, जणू आत कुणी झोपलं आहे. धुक्यात ती तरंगत चालल्यासारखी वाटे. तिचं नाव मला कधी कळलं नाही.

एकदा एसटीची वाट पाहताना मी थट्टेनं विचारलं, "मावशी, उंदराले पडद्यात काऊन नेऊन राह्यल्या?"

"रस्ता पाह्यला का वापस येते ना बापू," म्हणत ती हसली आणि नाल्याकडे वळली.

वडील शेजारीच पिशवी धरून बसले होते. त्यांना मी कायमचं भावाकडे अकोल्याला सोडणार होतो. सांगितलं होतं मात्र चार दिवसांसाठी म्हणून.

एसटी आली. मी त्यांना खिडकीशी बसवलं आणि काच सरकवून खिडकी पूर्ण उघडली.