बोट लावून वाचणारी आत्या

आत्या गेली त्या दुपारी तिचं पुस्तक चार्जिंगला लावलेलं होतं.

आज वर्ष झालं. सकाळपासून मी एका जागी बसलेलो नाही. दुकान उघडलं, परत अर्धं शटर ओढलं. चहा मागवला, तो तसाच राहिला.

शकूआत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. तेलंगणात, बेल्याजवळच्या आमच्या गावातच राहायची.
शाळेचं तोंड तिनं पाहिलं नाही. अक्षरं शिकली ती धाकट्या भावाच्या पुस्तकातून, त्याच्या बोटामागे आपलं बोट फिरवत.
तेव्हापासून ओळीखाली बोट लावल्याशिवाय तिला वाचताच यायचं नाही.

आणि वाचायची म्हणजे काय! दुपारची जेवणं झाली की आजूबाजूच्या बाया तिच्या ओट्यावर. ही मोठ्यानं कादंबरी वाचणार, त्या तूर निवडत ऐकणार.

मग डोळ्यांनी दगा दिला. डॉक्टर म्हणाले, आता चष्मा बदलून उपयोग नाही. बाया यायच्या, इकडचं तिकडचं बोलून उठून जायच्या. आत्या चिडचिडी झाली.

"मले मोठं अक्षर आणून दे कुठूनबी. बाकी काई नको."

झालं. अक्षर मोठं करून दाखवणारं यंत्र शोधायच्या मी मागे लागलो. रिव्ह्यू, व्हिडिओ, पुन्हा रिव्ह्यू. एक पसंत केलं की दुसरं बरं वाटायचं. गिऱ्हाईक समोर उभं आणि मी मोबाइलमध्ये.

आदिलाबादचा मोबाइलवाला म्हणाला, "टॅब ले लो भैया, सब चलता उसमें."
आत्याच्या हातात दिला. तिच्या डोळ्यांतून पाणी.
"हे पुस्तक हाय का बॅटरी? माये डोये दिपून राह्यले."

मग एका शिक्षक मित्राचं ई-रीडर मागून आणलं. कागदासारखा शांत पडदा, अक्षर बोराएवढं. आत्या खूश. बाया सरसावून बसल्या. आत्यानं पहिल्या ओळीखाली बोट ठेवलं.

पान पळालं.

"म्या काई नाई केलं रे!"

परत ठेवलं, परत पळालं. बाया हसायला लागल्या.
आत्या नाही हसली. यंत्र माझ्या मांडीवर ठेवलं.

"घेऊन जाय बापा. हे तुमच्यासारख्यासाठी हाय. तुयं बोट ठरते काय एका जागी कदी?"

फार लागलं मला ते. तिच्यासाठी. एवढ्या रिव्ह्यूंमध्ये एकानंही सांगितलं नव्हतं की बोट लावून वाचणाऱ्या माणसानं काय घ्यावं.

आता बाकी सगळं सोडलं आणि तेवढंच शोधलं. सापडलं. पान उलटायला कडेला बटण, आणि सेटिंगमध्ये टच बंद करायची सोय.

पण वाचायच्या आधी तिला ते बासरला न्यायचं होतं. तिथे सरस्वतीपुढे लहान लेकरांचा अक्षराभ्यास होतो. पुजाऱ्यानं तेलुगूत विचारलं, लेकरू कुठाय?

"मीच हावो," म्हणून आत्यानं हात पुढे केला.

पुजारी हसला. पण तिचं बोट धरून त्यानं तांदळात अक्षर काढून घेतलं. परतताना बसमध्ये आत्या ते बोट दुसऱ्या हातात धरून बसली होती.

दुसऱ्या दिवसापासून ओटा परत भरला. बटणावर अंगठा ठेवून ऐटीत विचारायची, "उलटू का वो पान?"

त्या दुपारीही असंच वाचन झालं. बाया घरी गेल्या. आत्यानं यंत्र चार्जिंगला लावलं, आडवी झाली, आणि उठलीच नाही. कादंबरी अर्धी राहिली.

वर्षभर ते यंत्र माझ्या दुकानात पडून आहे. गावी गेलो की कुणीतरी बाई विचारतेच, "पुढं काय झालं रे त्या कादंबरीतल्या पोरीचं? नांदाले गेली का नाई?" मी गाडीला किक मारून निघून येतो.

आज चार्ज करून उघडलं. आत्याचं शेवटचं पान समोर आलं.
सवयीनं बोट सरकवलं. काही नाही. परत सरकवलं. पान जागचं हललं नाही.
मग ओळीखाली बोट ठेवलं आणि रिकाम्या दुकानात मोठ्यानं वाचायला लागलो. पान पूर्ण केलं.

आता गावाकडे निघालोय. बायांना फोन केलाय, तूर घेऊन ओट्यावर या म्हणून.

ये आत्या. निवांत बोट ठेव.
टच बंदच ठेवलाय.