सामानात नसलेली तसबीर

आमच्या घरात साहेबांची तसबीर सामानात मोडत नाही. घर बदललं तरी ती टेम्पोत चढत नाही. कुणाच्या तरी मांडीवर बसून जाते आणि नव्या घरात आधी तीच शिरते. ज्यांनी आम्हाला नवा धम्म दिला त्यांच्या चित्राची ही अगदी सुरुवातीच्या काळातली छपाई. स्वस्तातली, कोटाचा निळा रंग खांद्याबाहेर सांडलेला. पण आईवडिलांचं लग्न तिच्यासमोर लागलं. फोटो काढायची ऐपत नव्हती आणि आता वडीलही नाहीत. आईकडे त्या दिवसाची एवढीच खूण आहे.

निजामपुऱ्यातली भाड्याची खोली सोडून आम्ही कोनला फ्लॅट घेतला. मला वाटलं तसबीर आईच्या मांडीवर, आईला वाटलं भावाच्या, आणि भाऊ माझ्या भरवशावर निर्धास्त. कपबश्यासुद्धा शाबूत पोचल्या. वऱ्हाड आलं, नवरदेव मागे राहिला.

आई दाराबाहेर जिन्यावरच बसली. "साहेब येईपर्यंत मी आत पाय ठेवणार न्हाय." बाजारात हवे तेवढे फोटो मिळतात, असं भाऊ म्हणाला आणि तिची नजर बघून खोकी आत न्यायला लागला.

मी रिक्षा करून उलटी निघाले. मालकाने खोली लगेच कापडाच्या लूमवर काम करणाऱ्या एका जोडप्याला दिली होती. नमाज पढणारी माणसं, घरात तसबिरी लावत नाहीत, हे मला ठाऊक होतं. वाटभर मला गटारात फुटलेली काच दिसत होती. पोचले तर तसबिरीच्या जागी भिंतीवर चादर लोंबत होती.

ती बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "नमाज़ पढ़नी थी, इसलिए ढक दिया. किसी के बड़े हैं, हम कैसे उतारते?"

तिने चादर सारली. चष्मा, सांडलेला निळा कोट, सगळं जागच्या जागी. मला इतकं सुटल्यासारखं वाटलं, की परक्याच्या खोलीत मी मोठ्याने रडले. सकाळपर्यंत ती खोली आमचीच होती म्हणा.

कोनला आईने पदराने काच पुसली, तसबीर छातीशी धरली आणि उंबरा ओलांडला. वंदना झाली, नव्या शेगडीवर खीर शिजली. भाऊ वाटी घेऊन बसला, तर आईने डबा भरून माझ्या हातात ठेवला.

"आधी निजामपुऱ्याला दे. त्या पोरीनं माझं लगीन राखलंय."