भाचीच्या पोटातली नावं

माझ्या भाचीने एकदा पोटात ठेवलेली गोष्ट प्रत्यक्ष ब्रह्मदेवालाही बाहेर काढता येणार नाही. एम.ए. करता करता ती परदेशातल्या एका प्राध्यापकबाईंची सहायक झाली आणि मीरा रोडला आमच्याकडे राहायला आली. देशोदेशीच्या बायका घरबसल्या कोणासाठी राबतात आणि त्यातलं त्यांच्या पदरात काय पडतं, हा बाईंचा विषय. आमच्या सिल्व्हर पार्कात इमिटेशनच्या कानातल्यांना खडे चिकटवणाऱ्या बायका घरोघरी, त्यात माझी बायकोही. त्यांना बोलतं करायचं हे भाचीचं काम. नियम असा, की बोलणारीचं खरं नाव कुठेही येता कामा नये. जिने तिने आपलं खोटं नाव आपणच निवडायचं.

हा नियम पोरीच्या अंगात इतका भिनला की घरातही ती खोटीच नावं वापरायला लागली. शेजारच्या गुजराती बेन कायमच्या ‘मीनाक्षी’ झाल्या. तारोडीहून दारावर मासळी आणणाऱ्या मावशींनी तर ‘महाराणी’च निवडलं. म्हणाल्या, “घ्यायचं तं मोठं नाव घ्यावं, फुकट हाय!” तेव्हापासून आमच्याकडे बोंबील महाराणींकडूनच यायचे.

माझीही सुटका नव्हती. जेवायला बसलो की विचारायची, “मामा, या पोळीची मजुरी कोणाला मिळाली?” भुकेल्या माणसाला अर्थशास्त्र सुचत नाही, पण निदान ताटं उचलायला मी शिकलो. एका लग्नात वाढणाऱ्या बायका जेवल्याशिवाय हिने जिलबीला हात लावला नाही. ही रुसलीय असं समजून समजूत काढायला खुद्द नवरदेव आला, तर हिने त्यालाच वाढायला लावलं!

पण तिच्यापुढे हात जोडावेसे वाटले ते माल देणारा शेठ घरी आला तेव्हा. बायकांनी एकजुटीने भाव वाढवून मागितला होता. भाचीशी जी बोलली तिनेच ही आग लावली असं त्याला वाटत होतं, आणि तिचा माल बंद करायचं ठरवूनच तो आला होता.

“बेटी, सिर्फ नाम बता दे.”

“नाम तो बहुत हैं, अंकल. महारानी है, मीनाक्षी है, कुसुम है. किसका बंद करोगे?”

शेठ बराच वेळ कुसुम कोण ते आठवत राहिला, माझ्या बायकोने दिलेला चहा प्यायला आणि हात हलवत परत गेला. कोणाचाही माल बंद झाला नाही.

मी मात्र चपापलो होतो. कुसुम हे माझ्या बायकोचं माहेरचं नाव. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने दुसरं नाव लिहून हे जुनं मीच पुसलं होतं. भाचीला विचारलं, “ही कुसुम कोण गं?” ती म्हणाली, “मामा, सांगायचं नसतं.”

आता ती परदेशात त्या प्राध्यापकबाईंकडेच शिकायला गेलीय. जेवताना कोणी काही विचारत नाही, तरी ताटं मीच उचलतो. काल संध्याकाळी बायको खडे चिकटवत बसली होती. मी हळूच हाक मारली, “कुसुम.”

तिचा हात थांबला. “पोरीने सांगितलं?”

“नाही.”

“वाटलंच. ती नाही सांगायची.” मग खाली बघतच म्हणाली, “पुन्हा एकदा म्हणा ना.”

मी म्हटलं. आणि त्या पोरीची फार आठवण आली.