जिवंत काप

महाप्याच्या लॅबमध्ये मी काचेची भांडी धुते आणि काम झालेले तुकडे कचऱ्याच्या पिवळ्या पिशवीत टाकते. उंदराच्या मेंदूचे जाड काप घेण्यासाठी नवीन मशीन घ्यायचं होतं. दोन कंपन्यांची माणसं आपापलं मशीन घेऊन दाखवायला आली. एकाचं पातं वरून खटकन पडायचं. दुसऱ्याचं थरथरत, अगदी हळू, गार पाण्यातून पुढे सरकायचं.

आमच्या लॅबच्या मॅडमना काप जिवंत हवे होते. मला वाटलं, ही त्यांची बोलायची पद्धत असेल. विचारलं तर म्हणाल्या, "उंदीर मेला, मावशी. तुकडा जिवंत आहे. जपला तर संध्याकाळपर्यंत राहतो."

तेव्हापासून माझं मन तिथेच अडकलं. जे मशीन घेतील त्याचे तुकडे रोज माझ्याच हातात येणार. ते मेलेलेच येऊ देत, असं मी मनात म्हणत राहिले.

दोन्ही मशीनचे काप दोन वेगळ्या वाट्यांत ठेवले. ते जगावेत म्हणून नळीतून बुडबुडे सोडले होते. सगळे जेवायला गेले तेव्हा लक्ष ठेवायला मला बसवलं. नखाएवढे पांढरट काप. वाटीत कोणी श्वास घेतंय असं वाटून मी खुर्ची मागे ओढली.

जेवून आल्यावर मॅडमनी पहिल्या मशीनच्या कापात केसासारखी सुई टोचली. सुईला जोडलेल्या स्पीकरमधून नुसती खरखर आली. तो मशीनवाला परत करून बघू म्हणाला, पण त्याचा चेहरा उतरला होता. मला बरं वाटलं. मग दुसरी वाटी. टक. टक टक. टक. आतून कोणी नखाने दार वाजवावं तसं. "हा जिवंत," म्हणत मॅडम हसल्या. थरथरणारं मशीन ठरलं.

माणसं गेल्यावर मॅडमनी ती वाटी रिकामी करायला सांगितली. स्पीकरमधली टकटक चालूच होती. मी कराव्याच्या कोळीवाड्यातली. आमच्या घरी चिंबोरीचा तुटलेला पायसुद्धा हलायचा थांबल्याशिवाय कालवणात टाकत नाहीत. लॅबच्या कामात मी मधे बोलत नाही, पण तेव्हा बोलले.

"मॅडम, ते थांबू द्या आधी. मग टाकते."

त्या चिडल्या नाहीत. मला आवाजाचा त्रास होतोय असं त्यांना वाटलं असावं. त्यांनी सुई काढली, स्पीकर बंद केला आणि मायेने म्हणाल्या, "हं, थांबलं बघा."

त्या निघून गेल्या. बुडबुडे चालू होते, काप तसाच पांढरा. तो कधी संपेल हे सांगणारं आता काहीच नव्हतं. सुटायची वेळ झाली तशी मी पिशवीचं तोंड उघडलं, नळी काढली आणि वाटीला कान लावला.