पहिला गडवा दलदलीचा

माती तपासणाऱ्यांकडे माती कमी आणि किस्से जास्त साचतात. ऐंशीच्या दशकातल्या आमच्या गडचिरोलीच्या कॅम्पचे किस्से निघाले की आधी हसू येतं, मग कुणीतरी विषय बदलतो.

पहिला किस्सा ड्रायव्हर महादेवभाऊंचा. जंगलात हिरवंगार मैदान दिसलं म्हणून त्यांनी जीप सरळ आत घातली. चाकं रुतली. भाऊ खाली उतरले तर पायाखालची जमीन हलायला लागली. "साहेब, हे जमीन नाई, गादी हाये!"

ती दलदल होती. वर्षानुवर्षांचा पालापाचोळा कुजून झालेली काळी माती. ऐन मे महिन्यात मूठ आवळली तरी बोटांतून पाणी गळायचं.

*

दलदलीच्या खालच्या अंगाला झिरा होता, अख्खं गाव त्याचंच पाणी प्यायचं. आमचा स्वयंपाक करणाऱ्या सोमाबाई त्याच गावच्या. झिऱ्यातून भरलेला पहिला गडवा त्या वर जाऊन दलदलीत ओतायच्या. आमच्यातल्या वासनिकने विचारलं, "बाई, काऊन वापस ओतता?"

"जे पाजते, त्याले उपाशी ठेवा लागते काय?"

*

वासनिकने त्या मातीची बादली ऑफिसात आणून ओव्हनमध्ये वाळवली. आमचे साहेब बघतात तर मूठभर उरलेली. "बाकीची माती कुठं गेली?"

"साहेब, ते पाणी होतं."

त्याने त्या मुठीवर पाणी ओतलं. थेंब घरंगळून गेले, माती कोरडीच. एकदा पुरती वाळली की ही माती पाणी घेतच नाही. आम्ही गंमत म्हणून सगळ्यांना दाखवत सुटलो. वासनिक मात्र हसला नाही.

*

मग धान लावायला चर खोदून दलदलीचं पाणी काढून टाकायचा हुकूम आला. दलदल वाळली तर झिराही जाईल म्हणून वासनिक भांडला. साहेब म्हणाले, "एक पावसाळा पडू दे, होईल पहिल्यासारखं."

सोमाबाईंनी वासनिकलाच गाठलं. "झिरा राहीन ना, भाऊ?"

त्याच्या तोंडून "राहीन" निघून गेलं. बाईंसमोर दुसरं काय बोलणार?

दुसऱ्या उन्हाळ्यात झिरा आटला. बाया लांबच्या नदीवरून पाणी आणू लागल्या. अजून वाईट वाटतं.

*

शेवटचा किस्सा निघायच्या दिवसाचा. आम्ही कॅम्प आवरत होतो. सोमाबाई नदीवरून डोक्यावर पाण्याचा गुंड घेऊन आल्या, आणि घरी न जाता दलदलीकडे वळल्या. वासनिक मागे गेला, आम्हीही गेलो. बाईंनी पहिला गडवा ओतला. पाणी वरच्यावर घरंगळत चरात उतरलं.

"पीत काऊन नाई, भाऊ?"

वासनिक गुडघ्यांवर बसला. दोन्ही हातांचं आळं करून त्याने मातीवर धरलं.

"ओता, बाई."

बाईंनी दुसरा गडवा ओतला.